जीपच्या पुढच्या चाकाचे बेरिंग वारंवार ढिले होत असल्यास: हत्यारे, मापे आणि कामाचा क्रम

आमच्याकडे विलिस या अमेरिकी जीपच्या वंशातली महिंद्राची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आहे. इंदूरहून महू, जाम घाट, चोरल आणि मांडू या बाजूंना ती बारा महिने फिरते. दोन वर्षांत तिच्या पुढच्या डाव्या चाकाचे बेरिंग पाच वेळा आवळून घेतले आणि पाचही वेळा दोन-अडीच हजार किलोमीटरच्या आत खडखडाट परत आला. त्यांतल्या दोन वेळा तर बेरिंगचे दोन्ही संच नवे होते. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळाले, की माल हलका निघाला. सहाव्या वेळी हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग, मी स्वतः घरी उघडला, तेव्हा खरे कारण हाताला लागले. ज्यांच्या गाडीत हेच चक्र चालू आहे, त्यांना नवे बेरिंग घेण्याआधी हे उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

येथे लिहिलेले सारे शंकूच्या आकाराच्या रोलर बेरिंगांच्या जोडीविषयी आहे, म्हणजे ज्या हबमध्ये आत एक आणि बाहेर एक असे दोन बेरिंग समोरासमोर बसतात आणि त्यांची सैलघट्ट स्थिती स्पिंडलवरचा (हब ज्या पोकळ नळीवर फिरतो तिच्यावरचा) नट फिरवून ठरवली जाते. नव्या गाड्यांमध्ये बहुधा बंद, एकसंध बेरिंग-हब येतो. त्यात जुळवणी नसते. तो खराब झाला की बदलावाच लागतो.

सर्वप्रथम हलणारी वस्तू बेरिंगच आहे याची खात्री करावी. चाक जॅकवर उचलून वरून आणि खालून धरावे आणि आत-बाहेर हलवून पाहावे. ठक्-ठक् जाणवत असेल तर घरातल्या कोणाला तरी ब्रेकचे पॅडल दाबून धरायला सांगावे. ब्रेक लागल्याबरोबर हालचाल थांबली, तर ढिलाई चाकाच्या बेरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकने ड्रम आणि मागची प्लेट एकमेकांना जखडली गेली. ब्रेक दाबूनही चाक तसेच हलत असेल, तर दोष किंगपिनच्या (चाक ज्या खुंटावर डावे-उजवे वळते त्याच्या) बेरिंगमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये आहे आणि हबचा नट कितीही आवळला तरी तो जाणार नाही. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरल्यावरच हलत असेल, तर आधी टाय रॉडचे, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांडीचे, सांधे पाहावेत. माझ्या पुतण्याने पॅडल दाबले तेव्हा आमच्या चाकाची हालचाल पूर्ण थांबली, त्यामुळे शंका उरली नाही.

एक सूचना मात्र मनापासून करावीशी वाटते. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक हळूहळू रुततो आणि ते आपल्याला दिसतही नाही. काम फरशीवर किंवा काँक्रीटवर करावे. ते शक्य नसेल तर जॅकखाली जाड फळी घालावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावावेत आणि ॲक्सल घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवल्याशिवाय हबला हात लावू नये.

ड्राइव्ह फ्लँज, म्हणजे ॲक्सल शाफ्टला हबशी जोडणारी चकती, काढल्यावर स्पिंडलवर दोन पातळ नट दिसतात, त्यांच्यामध्ये वाकवलेल्या कडांचे लॉक वॉशर असते. आमच्या बाहेरच्या नटाचे सहाही कोपरे खाल्ले गेले होते. त्यांवर छन्नीचे तिरपे घाव होते, काही जुने व काळपट, काही नवे आणि चकचकीत. पाच कारागिरांपैकी कोणाकडेही या नटाचा पाना नव्हता. प्रत्येकाने छन्नी लावून हातोड्याने नट ठोकला आणि ठोकूनच आवळला. मी बाहेरच्या बेरिंगमधले थोडे ग्रीस अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळले, तर बारीक वाळूसारखे काही टोचले. ते ग्रीस रॉकेलमध्ये विरघळवून पांढऱ्या फडक्यावर गाळले आणि फडक्याखाली लोहचुंबक फिरवला, तेव्हा तिळाच्या टोकाएवढे लोखंडाचे कण चुंबकामागून सरकू लागले. नटाच्या कोपऱ्यांचा तो चुरा होता. प्रत्येक दुरुस्तीत छन्नी हा चुरा हबमध्ये पाडत होती, नवे बेरिंग तो दळत होते, त्याची पृष्ठे झिजत होती आणि झिजेइतकी ढिलाई पुन्हा तयार होत होती. बेरिंगचा माल चांगलाच होता.

म्हणून पहिले हत्यार म्हणजे त्या नटाचा खोल सॉकेट. घेण्यापूर्वी नट व्हर्नियरने मोजावा, अंदाजाने मागू नये. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्या घराण्याच्या जुन्या गाड्यांमध्ये इंचांची मापे टिकून राहिली. आमचा नट ५२.४ मि.मी. भरला, म्हणजे २ १/१६ इंच. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांना ५२ मि.मी.चा आणि टोयोटा लँड क्रूझरच्या जुन्या मॉडेलांना ५४ मि.मी.चा सॉकेट लागतो. ५२ चा आमच्या नटावर चढत नाही. ५४ चा चढतो, पण दीड मिलिमीटरहून अधिक सैल राहतो आणि जोर लावताच कोपरे गोल करतो. काही गाड्यांच्या नटाला कोपरे नसून तोंडावर चार खाचा असतात. त्याला चार दातांचाच सॉकेट हवा.

माप बरोबर असूनही सॉकेट घसरण्याचे एक कारण सहसा लक्षात येत नाही. बाजारातल्या बहुतेक सॉकेटांच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो, म्हणजे तो नटावर सहज चढतो. जाड नटाला त्याने फरक पडत नाही. हबचा नट मात्र इतका पातळ असतो की त्याच्या उंचीतला मोठा भाग त्या उतारातच जातो आणि प्रत्यक्ष पकड फार थोड्या लोखंडावर उरते. सियागंजमधून आणलेला सॉकेट मी पोलोग्राउंडच्या एका लेथवाल्याकडून तोंडाशी सपाट करून घेतला, उतार संपेपर्यंत. दहा मिनिटांचे काम होते. तेव्हापासून तो एकदाही घसरलेला नाही. सॉकेट पुरेसा खोल आहे ना, म्हणजे स्पिंडलचे आणि ॲक्सल शाफ्टचे टोक त्यात मावते ना, हेही दुकानात मोजूनच घ्यावे.

आता जुळवणीविषयी. विलिसच्या जुन्या पुस्तिकांमधली रीत अशी आहे, की चाक फिरवत फिरवत नट चाक अडेपर्यंत आवळावा आणि मग फेऱ्याचा सहावा भाग मागे घ्यावा. ही रीत चुकीची नाही, पण ती अर्धीच ऐकली जाते. आमचे कारागीरही सांगत, "कस के टाइट, फिर थोड़ा पीछे." हे 'थोड़ा' किती, यावर सारे अवलंबून आहे. समजा आटे दीड मिलिमीटर अंतराचे आहेत. तर सहावा भाग फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. या प्रकारच्या ॲक्सलसाठी पुढच्या काळातल्या मॅन्युअलांत हबची आत-बाहेरची मोकळीक ०.०२५ ते ०.२५ मि.मी. इतकी दिलेली आढळते. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांसाठी ती ०.०५ ते ०.१० मि.मी. आहे. म्हणजे सहावा भाग मागे घेऊन आपण वरच्या मर्यादेवर उभे असतो आणि हाताचा अंदाज थोडा जरी ढळला तरी तिच्या पलीकडे जातो. मग पुस्तिकेने इतकी ढिलाई का सांगावी?

कारण त्यानंतर लॉक नट आवळायचा असतो, आणि माझ्या मते या दुरुस्तीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट हीच आहे. आतला नट बेरिंगला टेकतो तेव्हा बेरिंग त्याला बाहेर ढकलत असते, त्यामुळे नटाचे आटे स्पिंडलच्या आट्यांच्या एकाच बाजूला टेकलेले असतात आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट असते. बाहेरचा लॉक नट आवळला की तो आतल्या नटाला आत दाबतो, ती फट दुसऱ्या बाजूला जाते आणि आतला नट न फिरताच किंचित आत सरकतो. आट्यांची झीज जितकी जास्त, तितके हे सरकणे जास्त. म्हणून लॉक नट लावण्याआधी मोजलेल्या मोकळिकीवर गाडी चालत नसते. लॉक नट पूर्ण आवळल्यावर जी उरते तिच्यावर चालते. ज्याला हे ठाऊक नसते तो आधी नेमके माप साधतो, लॉक नटाने चाक जड होते, मग घाबरून आतला नट बराच मागे घेतो. आमच्या गाडीत पाच वेळा हेच झाले असावे.

हे सरकणे हाताला कळत नाही, डायल गेजला कळते. ०.०१ मि.मी.पर्यंत वाचणारा साधा डायल गेज आणि चुंबकाची बैठक एवढे पुरते. बैठक हबच्या किंवा ड्रमच्या लोखंडी तोंडावर बसवावी आणि गेजची दांडी स्पिंडलच्या कडेवर, ॲक्सलच्या रेषेला समांतर टेकवावी. फ्री-व्हील हबचे (चाक शाफ्टपासून सोडवता येते अशा हबचे) घर मिश्रधातूचे असेल तर त्यावर चुंबक धरत नाही, हे ध्यानात ठेवावे. पहिल्या प्रयत्नात मी दांडी मधल्या ॲक्सल शाफ्टच्या टोकावर टेकवली आणि सुई एकदम ०.६ मि.मी. दाखवू लागली. शाफ्ट स्वतः आत-बाहेर सरकतो, त्याचा हबच्या मोकळिकीशी संबंध नाही. स्पिंडल म्हणजे त्या शाफ्टभोवतीची पोकळ नळी. दांडी तिच्या कडेवरच टेकली पाहिजे. हब दोन्ही हातांनी धरून, किंचित फिरवत, आत दाबावा आणि बाहेर ओढावा. सुईच्या दोन टोकांमधले अंतर म्हणजे मोकळीक.

आमच्या गाडीत लॉक नट लावण्याआधी ०.०८ मि.मी. मोकळीक ठेवली, तर लॉक नट आवळल्यावर सुई हलेचना आणि हब हाताला जड लागला. दुसऱ्या वेळी आधी ०.१६ ठेवली, लॉक नटानंतर ०.०६ उरली. म्हणजे आमचा लॉक नट जवळजवळ एक दशांश मिलिमीटर खातो. प्रत्येक गाडीत हा आकडा वेगळा निघेल, उजव्या-डाव्या चाकांतही वेगळा निघू शकेल. तो एकदा मोजून वहीत लिहून ठेवला, की पुढच्या प्रत्येक वेळी काम पहिल्याच प्रयत्नात साधते.

सुई शून्यावर थांबली म्हणजे जुळवणी उत्तम झाली, असा समज दिसतो. शून्य मोकळीक आणि घातक दाब, दोन्ही स्थितींत डायल गेज शून्यच दाखवतो. शून्याच्या पलीकडे किती दाब आहे ते ताणकाटा, म्हणजे हुकाला ओढून वजन दाखवणारा स्प्रिंगचा काटा, सांगतो. टोयोटाच्या मॅन्युअलांत हीच पद्धत आहे: चाकाच्या एका बोल्टला ताणकाटा अडकवून हब ओढायचा आणि तो फिरू लागण्याच्या क्षणी किती वजन दिसते ते वाचायचे. लँड क्रूझरच्या ८० मालिकेत हे वजन साधारण तीन ते पावणेसहा किलोंच्या दरम्यान असावे लागते, कारण तिथे बेरिंग मुद्दाम थोड्या दाबाखाली ठेवले जाते. आमच्यासारख्या जीपला मोकळीक हवी, दाब नको, म्हणून लँड क्रूझरचा आकडा इथे आणू नये. पण हब फुकट जड झालेला नाही ना, हे पाहायला ताणकाटा जीपलाही तितकाच उपयोगी आहे. रद्दीवाल्याकडे असतो तसला १० किलोचा काटा चालतो. त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी एका पिशवीत पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्या घालून तो तपासावा. बाटलीगणिक साधारण एक किलो वाढले पाहिजे.

ओढताना काटा बोल्टपासून मध्याकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात राहिला पाहिजे, तिरपा ओढल्यास वजन खोटे दिसते. ब्रेकचे लायनर ड्रमला घासत असतील तर त्यांचाच भार काट्यावर येतो, म्हणून ब्रेक आधी सैल करून घ्यावेत. नवे ऑइल सीलही थोडे अडते; तेव्हा नट सैल असतानाच हब ओढून सीलचा भार आधी लिहून ठेवावा आणि शेवटच्या आकड्यातून वजा करावा.

कामाचा क्रम मी आता असा ठेवतो. दोन्ही बेरिंग, हबची पोकळी आणि स्पिंडल रॉकेलने धुऊन कोरडे करतो. हवेच्या झोताने बेरिंग गरगर फिरवण्याची हौस करू नये, त्याने कोरडे रोलर आणि मार्ग खरवडले जातात. बाहेरच्या कड्यांवर, म्हणजे हबमध्ये ठोकून बसवलेल्या कपांवर, खड्डे, निळसर डाग किंवा रोलरच्या अंतरावर उमटलेल्या रेघा असतील तर कप आणि रोलर दोन्ही जोडीने बदलावेत. जुन्या कपात नवे रोलर हे उसने काम आहे. कप बसवताना पितळेची दांडी किंवा जुन्याच कपाला बाहेरून किंचित घासून केलेली कडी वापरावी. कप पूर्ण तळाशी बसला की हातोड्याचा आवाज बदलतो, बद्द आवाजाचा टणक होतो. कप केसभर वर राहिला तर तो गाडी चालू लागल्यावर तळाला जातो, आणि आपल्याला वाटते की नट ढिला झाला. दोन-तीनशे किलोमीटरांतच ढिलाई आली असेल तर पहिला संशय येथे घ्यावा.

ग्रीस तळहातावर घेऊन बेरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहावी, वरच्या फटींतून ग्रीस दोऱ्यांसारखे बाहेर येईपर्यंत. वेगवेगळ्या जातींची ग्रीसे मिसळू नयेत. पावसाळ्यात चोरलसारख्या नदीचे पाणी हबच्या वरपर्यंत चढले असेल, तर ग्रीस दुधाळ झाले आहे का ते घरी आल्यावर पाहिलेच पाहिजे. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. सील प्रत्येक वेळी नवे घालावे. लॉक वॉशरही नवे घ्यावे. एकदा वाकवून सरळ केलेली कड दुसऱ्यांदा वाकवताना तडकते आणि तिचा तुकडा पुन्हा हबमध्येच पडतो.

त्यानंतर आतला नट टॉर्क पान्याने साधारण ६० ते ७० न्यूटन मीटरपर्यंत, हब सतत फिरवत, आवळावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. हब न फिरवता आवळल्यास रोलर तिरके अडकतात आणि जुळवणी पहिल्याच खड्ड्यात बदलते. मग नट पूर्ण सैल करून पुन्हा हलका टेकवावा, लॉक नट जितके खाणार तितके धरून मागे घ्यावा, वॉशर आणि लॉक नट लावून मॅन्युअलने दिलेल्या टॉर्कला आवळावा, आणि मग मोजावे. माप चुकले तर सगळे उघडून पुन्हा करावे. मला पहिल्यांदा चार वेळा उघडावे लागले. वॉशरच्या कडा माप बरोबर आल्यावरच वाकवाव्यात.

एवढे करूनही ढिलाई परत आली, तर स्पिंडल पाहावा. आतले कडे स्पिंडलवर हाताने सरकेल इतपतच सैल असते. ते डगमगत असेल, किंवा स्पिंडलच्या खालच्या बाजूला पायरी बोटाला लागत असेल, तर भार घेणारी जागाच झिजली आहे आणि कोणतीही जुळवणी टिकणार नाही. स्पिंडलचे आटे छन्नीने दबले असतील तरी हेच होते, कारण नट सरळ बसत नाही. अशा वेळी स्पिंडल बदलणे हाच उपाय आहे. त्यावर वेल्डिंगचा थर चढवून लेथवर उतरवून घेण्याचा सल्ला मला मिळाला होता. पुढच्या चाकाच्या स्पिंडलवर मी तो धोका पत्करणार नाही.

काम झाल्यावर पंधरा-वीस किलोमीटर सपाट रस्त्यावर, शक्य तितके ब्रेक न लावता, गाडी चालवावी आणि थांबून दोन्ही हबना हात लावून पाहावा. दोन्ही सारखेच कोमट असावेत. एखादा हब हात टेकवू न देण्याइतका तापला असेल तर तो घट्ट झाला आहे, तसेच पुढे जाऊ नये. घाट उतरून आल्यावर ही परीक्षा करू नये, ब्रेकची उष्णता हबमध्ये येते आणि काही कळत नाही. शंभर-दीडशे किलोमीटरांनंतर चाक उचलून वर-खाली हलवून पाहावे, आणि गेज लावण्याची सोय असल्यास आकडा पुन्हा वहीत लिहावा.

आमच्या डाव्या चाकाचा आकडा पहिल्या दिवशी ०.०६ होता. भेरूघाटातून आणि जाम घाटातून नेहमीसारखी ये-जा करून सात हजार किलोमीटर झाल्यावर, मागच्या रविवारी मोजला तेव्हा तो ०.०७ निघाला. ग्रीस बोटांत चोळून पाहिले. ते मऊ होते, आणि फडक्याखालच्या चुंबकामागे काहीच सरकले नाही.